शिफारस बंधनकारक नसते, मग समितीच्या अहवालाला वजन कुठून येते?

पंचायत समितीत नोकरी करत कायद्याचे शिक्षण घेणाऱ्या एका तरुण सहकाऱ्याने विचारले आहे: संसदीय समित्यांच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नाहीत, तर प्रशासकीय कायदा, म्हणजे सरकारी यंत्रणेने आपले अधिकार कसे वापरावेत हे ठरवणारा कायदा, घडवण्यात त्यांचा वाटा नेमका किती? आणि इथे कोल्हापुरात टेबलावर फायली हाताळणाऱ्या माणसाने दिल्लीतले ते जाडजूड अहवाल का वाचावेत?

सेवाविषयक आणि स्थानिक स्वराज्य संस्थांची प्रकरणे चालवण्यात माझी वकिली गेली आहे, म्हणून मला प्रश्नाचा दुसरा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. पण तिथे पोहोचायला पहिल्या भागातूनच जावे लागेल.

समिती कायदा मंजूर करत नाही, सरकारला आदेशही देत नाही. ती खात्याच्या सचिवाला समोर बसवते आणि हे कलम असेच का लिहिले, याचे उत्तर त्याच्याकडून लेखी घेते. हे लेखी उत्तर पुढे वर्षानुवर्षे कामाला येते. विधेयक दुरुस्त करताना येते, त्याखालचे नियम तपासताना येते आणि शेवटी कोर्टात कलमाचा अर्थ लावतानाही येते. सभागृहातले भाषण लोक विसरतात, सचिवाने सही करून दिलेले उत्तर अहवालात छापलेले राहते. माझ्या मते समित्यांचे सगळे वजन इथून येते.

रचना थोडक्यात सांगतो. लोकलेखा समिती १९२१ पासूनची, म्हणजे स्वातंत्र्याच्याही आधीची. अंदाज समिती १९५० ची, सार्वजनिक उपक्रम समिती १९६४ ची. या तिन्ही समित्या मुख्यतः पैशाकडे पाहतात. कायद्याच्या मजकुराला नियमितपणे हात घालणारी व्यवस्था उशिरा आली. एप्रिल १९९३ मध्ये विभागनिहाय १७ स्थायी समित्या झाल्या आणि २००४ मध्ये त्यांची संख्या २४ झाली. प्रत्येकीत लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १० असे ३१ सदस्य असतात. मंत्र्याला सदस्य होता येत नाही. बैठका बंद दाराआड होतात, त्यामुळे सत्ताधारी पक्षाचा खासदारही आपल्याच सरकारच्या सचिवाला अडचणीचा प्रश्न विचारू शकतो. आपल्या विषयासाठी सर्वांत जवळची समिती म्हणजे राज्यसभेच्या सचिवालयाकडे असलेली कार्मिक, सार्वजनिक तक्रारी, विधी व न्याय समिती. माहितीचा अधिकार, लोकपाल, जागल्यांचे (आतला गैरव्यवहार उघड करणाऱ्यांचे) संरक्षण, नागरिकांना ठरल्या वेळेत सेवा मिळण्याचा हक्क हे सगळे विषय हिच्या टेबलावरून गेले आहेत.

लोकसभेच्या नियमांतच म्हटले आहे की स्थायी समितीचा अहवाल हा विचारपूर्वक दिलेला सल्ला समजावा. त्याच नियमांत दुसरी मर्यादाही आहे: खात्याच्या दैनंदिन कारभारात समितीने पडायचे नाही. तेव्हा कुणाची बदली, कुणाची वेतननिश्चिती असले विषय घेऊन तिच्याकडे जाण्यात अर्थ नाही. तिथे धोरण आणि कायदा यांवरच बोलता येते.

समितीने कायदा खरोखर बदलल्याचे उदाहरण म्हणून मी माहितीचा अधिकार सांगतो. डिसेंबर २००४ मध्ये मांडलेले विधेयक केंद्र सरकारच्या अखत्यारीपुरतेच होते. म्हणजे तलाठी कार्यालय, पंचायत समिती, महापालिका, साखर आयुक्तालय हे सारे त्याच्या बाहेर. महाराष्ट्राचा आपला २००२ चा कायदा होता, म्हणून आपण अगदीच उघड्यावर नव्हतो. पण ज्या राज्यांत कायदाच नव्हता तिथल्या माणसाला ग्रामपंचायतीचा जमाखर्च मागण्यासाठी हातात काहीच आले नसते. ई. एम. सुदर्शन नाच्चियप्पन यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थायी समितीने मार्च २००५ मध्ये अहवाल दिला. कायदा राज्यांनाही लागू करा आणि मुख्य माहिती आयुक्ताला मुख्य निवडणूक आयुक्ताचा दर्जा द्या, अशा दोन मोठ्या गोष्टी तिने सुचवल्या. सरकारने दोन्ही मान्य केल्या. मे २००५ मध्ये संसदेने सुधारित विधेयक मंजूर केले आणि १२ ऑक्टोबर २००५ पासून कायदा पूर्णपणे अमलात आला. आज आपल्या जिल्ह्यातला अर्जदार राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठापुढे दुसरे अपील चालवतो, तो ज्या कायद्याखाली चालवतो त्याची व्याप्ती त्या समितीच्या खोलीत ठरली आहे.

दर्जाचा मुद्दा वरवर मानापानाचा वाटतो, पण त्यात मोठे कारण आहे. सचिवाला दंड करणारा आयुक्त सचिवापेक्षा दुबळा असेल, तर दंड कागदावर राहतो. म्हणून २०१९ ची दुरुस्ती मला आजही खुपते. आयुक्तांची मुदत आणि वेतन कायद्यातून काढून केंद्राच्या नियमांवर सोपवले गेले, तेही राज्य माहिती आयुक्तांसकट. ते विधेयक जुलै २०१९ मध्ये चार दिवसांच्या आत दोन्ही सभागृहांनी मंजूर केले. प्रवर समितीकडे, म्हणजे त्या एका विधेयकापुरत्या नेमलेल्या समितीकडे, पाठवण्याचा प्रस्ताव राज्यसभेत फेटाळला गेला. ऑक्टोबरमध्ये नियम आले आणि पाच वर्षांची मुदत तीन वर्षांवर आली. २००५ मध्ये समितीने कारणे देऊन जे उभे केले, ते उतरवताना कुणाकडूनही लेखी कारणे घेतली गेली नाहीत. दुरुस्ती चूक की बरोबर यावर मतभेद असू शकतात. ती तपासली गेली नाही, हे मात्र खरे आहे.

२०२३ मध्ये माहिती अधिकारात झालेल्या बदलाचेही तसेच. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचे २०१९ चे विधेयक संयुक्त संसदीय समितीकडे गेले होते. तिने दोन वर्षे काम करून ८१ दुरुस्त्या सुचवल्या आणि ऑगस्ट २०२२ मध्ये ते विधेयकच मागे घेतले गेले. पुढच्या वर्षी आलेले नवे विधेयक कुठल्याही समितीकडे न जाता मंजूर झाले. त्याच्या कलम ४४(३) ने माहिती अधिकाराचे कलम ८(१)(ज) बदलले. पूर्वी वैयक्तिक माहिती नाकारताना तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही किंवा तिच्यामुळे खासगीपणावर अकारण आक्रमण होते, असे अधिकाऱ्याला दाखवावे लागे. आता माहिती वैयक्तिक आहे एवढे म्हणणे पुरते, आणि जनहितासाठी अर्जदाराला कलम ८(२) कडे जावे लागते. नोव्हेंबर २०२५ पासून हे लागू आहे. याचा फटका कुणाला बसतो ते पाहा. बिंदुनामावलीत (आरक्षणानुसार पदांचा क्रम लावणाऱ्या नोंदवहीत) आपला क्रमांक का घसरला हे तपासायला सहकाऱ्याच्या नेमणुकीचा कागद लागतो. ज्येष्ठता यादीवर हरकत घ्यायची तर दुसऱ्याचा रुजू दिनांक लागतो. पदोन्नतीच्या वादात जात वैधता प्रमाणपत्र लागते. यातले प्रत्येक कागदपत्र आता वैयक्तिक म्हणून नाकारता येईल. एखाद्या स्थायी समितीपुढे हे विधेयक गेले असते, तर कर्मचारी संघटनांनी, माहिती अधिकार कार्यकर्त्यांनी हीच उदाहरणे मांडली असती आणि खात्याला उत्तर द्यावे लागले असते.

समिती नेहमी नागरिकाच्याच बाजूने असते, असा मात्र समज करून घेऊ नका. केंद्रातल्या भ्रष्टाचाराच्या प्रकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय दक्षता आयोगाची कथा उलटी आहे. वरिष्ठ अधिकाऱ्यांविरुद्ध चौकशी सुरू करण्याआधी सरकारची पूर्वपरवानगी हवी, असा एक प्रशासकीय निर्देश होता. विनीत नारायण प्रकरणात १८ डिसेंबर १९९७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. १९९९ च्या दक्षता आयोग विधेयकातही ही तरतूद नव्हती. ते विधेयक शरद पवार यांच्या अध्यक्षतेखालच्या संयुक्त समितीकडे गेले. निर्णय घेणाऱ्या पातळीवरच्या अधिकाऱ्यांच्या प्रामाणिक निर्णयांना संरक्षण हवे, असे अनेक साक्षीदारांनी सांगितल्याची नोंद करून समितीने नोव्हेंबर २००० च्या अहवालात पूर्वपरवानगी परत आणण्याची शिफारस केली. २००३ च्या कायद्याने ती आणली आणि सहसचिव व त्यावरच्या अधिकाऱ्यांना संरक्षण मिळाले. ६ मे २०१४ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ती तरतूद समानतेच्या हक्काविरुद्ध म्हणून रद्द केली, आणि तो निकाल देताना समितीचा अहवाल समोर ठेवून त्यातली कारणे तपासली. भ्रष्टाचाराच्या आरोपासाठी अधिकाऱ्यांची पदानुसार विभागणी करता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. समितीने तरतूद आणताना कारण लिहिले होते, म्हणून चौदा वर्षांनी ते कारण तपासता आले. ज्या कलमामागे कारणाचा एकही कागद नसतो, त्याच्याशी कोर्टात झगडणे कितीतरी अवघड जाते.

लोकपालाबद्दल एवढेच सांगतो की ते विधेयक दोन चाळण्यांतून गेले. अभिषेक सिंघवी यांच्या स्थायी समितीने डिसेंबर २०११ मध्ये अहवाल दिला आणि त्याला अनेक भिन्नमतपत्रिका, म्हणजे असहमत सदस्यांची लेखी मते, जोडलेल्या होत्या. पुढे राज्यसभेच्या प्रवर समितीने राज्यांवर केंद्राचा लोकायुक्त लादू नये, राज्यांनी वर्षभरात आपापला कायदा करावा असे सुचवले. २०१३ च्या कायद्यात तसेच झाले. ज्या महाराष्ट्रात १९७१ पासून लोकायुक्ताचा कायदा आहे, त्याच्या दृष्टीने हा फरक लहान नाही. अहवाल वाचताना भिन्नमतपत्रिका जरूर वाचा. बहुमताने गुळगुळीत करून टाकलेला वाद तिथे धारदार स्वरूपात सापडतो.

आता प्रशासकीय कायद्याचा जो भाग माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित आहे, त्याकडे येतो. नागरिकाची गाठ कायद्याशी क्वचित पडते. त्याची गाठ पडते ती नियमांशी: अर्जाचा नमुना, शुल्क, मुदत, अपील कुणाकडे, कागद कोणते. हे सगळे सरकार नंतर नियमांत लिहिते. कुठलाही कायदा उघडा, शेवटाकडे एक कलम असते की याखाली केलेला प्रत्येक नियम शक्य तितक्या लवकर विधिमंडळाच्या किंवा संसदेच्या सभागृहासमोर ३० दिवसांकरिता ठेवण्यात येईल आणि सभागृहांना त्यात फेरबदल करता येईल किंवा तो रद्द ठरवता येईल. व्यवहारात सभागृहे हे नियम स्वतः वाचत नाहीत. ते काम गौण विधानविषयक, म्हणजे कायद्याखालच्या नियमांसाठीच्या, समितीचे. लोकसभेची ही समिती १९५३ पासून आहे, राज्यसभेची १९६४ पासून, दोन्हीकडे १५ सदस्य. आपल्या विधानमंडळात हेच काम उपविधान समिती करते.

ही समिती काय पाहते? कायद्याने जेवढा अधिकार दिला त्यापलीकडे नियम गेला का, नियमातून मागच्या तारखेने ओझे टाकले का, कायद्यात नसलेला कर किंवा शुल्क शिरले का, नागरिकाला ऐकून घेण्याची संधी ठेवली का. उच्च न्यायालयात आपण अधिकारबाह्य नियमाला जे आव्हान देतो, त्यातले बहुतेक मुद्दे हेच असतात. फरक एवढाच की समितीपुढे ते फुकटात आणि लवकर मांडता येतात.

वेळेचाही प्रश्न आहे. कायदा अमलात आल्यापासून सहा महिन्यांत नियम करावेत, नाहीतर कारण सांगून समितीकडून मुदतवाढ मागावी, अशी केंद्रातली रीत आहे. नागरिकत्व दुरुस्ती कायदा १० जानेवारी २०२० रोजी अमलात आला, त्याचे नियम ११ मार्च २०२४ रोजी निघाले, आणि मधल्या काळात गृह मंत्रालय पुन्हा पुन्हा मुदतवाढ मागत राहिले. राज्यातले उदाहरण आपल्या रोजच्या कामातले आहे. बदल्यांचे विनियमन आणि विलंबास प्रतिबंध करणारा २००५ चा कायदा, ज्याला आपण दप्तर दिरंगाई कायदा म्हणतो, तो १ जुलै २००६ पासून लागू झाला. कोणतीही फाईल सात कामाच्या दिवसांहून अधिक काळ एका टेबलावर थांबू नये, हे त्यातलेच. पण विलंबाबद्दलचे नियम यायला २०१३ उजाडले. एवढी वर्षे कलम होते आणि ते राबवायची वाट नव्हती. विलंबाची तक्रार कुणाकडे, कशी, हे विचारत लोक कार्यालयांचे उंबरे झिजवत होते. नियमांना उशीर झाला की कायदा झालाच नाही, असे मी मानतो. म्हणून ही समिती मला लोकलेखा समितीइतकीच मोठी वाटते.

आणखी एक गोष्ट अशी की आपला कारभार नियमांपेक्षाही शासन निर्णय (जीआर) आणि परिपत्रकांवर जास्त चालतो, आणि जीआर सभागृहासमोर ठेवावा लागत नाही. म्हणजे समितीची नजर जिथे पोहोचते, तिच्या खालच्या मजल्यावर सगळी वर्दळ आहे. कोर्टाने १९६७ च्या संतराम शर्मा प्रकरणात रेषा आखून दिली आहे: नियम गप्प असतील तिथे प्रशासकीय सूचना मोकळी जागा भरू शकतात, नियमाच्या विरुद्ध जाऊ शकत नाहीत. तुमच्या टेबलावर जीआर आला की तो कोणत्या नियमाखाली आहे हे पाहायची सवय ठेवा. नियमाचा उल्लेखच नसेल, तर तो किती टिकेल याचा विचार आधी करा.

कोल्हापुरात समिती म्हटले की लोकांना संसद आठवत नाही, पीआरसी आठवते. विधानमंडळाची पंचायती राज समिती जिल्ह्यावर येणार असे कळले की जिल्हा परिषदेत आणि बाराही पंचायत समित्यांत महिनाभर दुसरे काम सुचत नाही. आधी प्रश्नावली येते. मग स्थानिक निधी लेखापरीक्षेचे जुने परिच्छेद शोधले जातात, वार्षिक प्रशासन अहवाल बाहेर येतो, प्रत्येक आक्षेपासमोर अनुपालन, म्हणजे त्यावर काय केले याचे उत्तर, लिहिले जाते. समितीपुढे मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांची साक्ष होते, पुढे मुंबईत सचिवांची. या साक्षीची भीती वाटते ती योग्यच आहे. पण अनुपालन कसे लिहिले जाते ते जवळून पाहा. खरेदी दरपत्रक न मागवता झाली, असा आक्षेप असतो आणि समोर लिहिलेले असते: कार्यवाही सुरू आहे. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. चांगले अनुपालन चार गोष्टी सांगते: कोणत्या तारखेला काय झाले, कोणत्या नियमाने व्हायला हवे होते, फरक का पडला, आणि तो कोणत्या आदेशाने दुरुस्त केला. असे उत्तर देणारा कर्मचारी समितीपुढेही टिकतो आणि नंतर विभागीय चौकशीतही.

या साक्षीचा एक वाईट परिणाम मी वारंवार पाहतो आणि तो तुम्हाला माहीत असायलाच हवा. समितीने एखादा मुद्दा काढला की कार्यालये घाईने आदेश काढतात. माझ्या एका पक्षकाराचे प्रकरण सांगतो. कनिष्ठ पदावरून निवृत्त झालेले गृहस्थ. वेतननिश्चितीतली फार जुनी चूक लेखापरीक्षेत निघाली, ती समितीच्या प्रश्नावलीत आली, आणि त्यांच्या हातात एक ओळीचा आदेश पडला: समितीच्या निर्देशानुसार अतिप्रदान (जास्तीची दिलेली) रक्कम निवृत्तिवेतनातून वसूल करण्यात यावी. सुनावणी नाही, हिशोब नाही. त्या आदेशात दोन दोष होते. पहिला, समितीची शिफारस म्हणजे आदेश नव्हे. कायद्याने जो अधिकार ज्या अधिकाऱ्याला दिला, त्याने तो स्वतःची बुद्धी वापरूनच वापरायचा. मुंबईचे पोलीस आयुक्त विरुद्ध गोरधनदास भानजी या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे १९५१ मध्येच सांगितले. तिथे आयुक्तांनी सरकारच्या सांगण्यावरून चित्रपटगृहाची परवानगी रद्द केली होती. दुसरा दोष, रफिक मसीह प्रकरणात १८ डिसेंबर २०१४ रोजी न्यायालयाने गट क आणि ड मधल्या, तसेच निवृत्त झालेल्या किंवा वर्षभरात होणाऱ्या कर्मचाऱ्यांकडून अशी वसुली करू नये असे म्हटले आहे. दोन्ही निकाल जोडून सविस्तर निवेदन दिले आणि कार्यालयाने वसुली मागे घेतली. समितीने कार्यालयाला विचारले होते की चूक का झाली आणि पुन्हा होऊ नये म्हणून काय केले. कार्यालयाने त्या प्रश्नाचे उत्तर म्हणून एका म्हाताऱ्या माणसाची पेन्शन पुढे केली. आदेश काढणाऱ्या खुर्चीवर उद्या तुम्ही बसाल, तेव्हा 'समितीच्या निर्देशानुसार' हे शब्द कारण म्हणून कधीही लिहू नका.

राज्यात आणखी एक फरक आहे. संसदेसारख्या, प्रत्येक खात्याचे विधेयक तपासणाऱ्या विभागनिहाय स्थायी समित्या आपल्याकडे नाहीत. वाद मोठा झाला तरच विधेयक दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे जाते, आणि तिथे मंत्रीच प्रमुख असू शकतात. महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक डिसेंबर २०२४ मध्ये अशा समितीकडे गेले, तिचे प्रमुख महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे होते. १२ हजारांहून अधिक सूचना आल्या आणि जुलै २०२५ मध्ये विधेयक मंजूर झाले. त्या कायद्याबद्दल तुमचे मत काहीही असो, समितीत झालेले बदल पाहा: तपास अधिकारी उपनिरीक्षकाऐवजी उपअधीक्षक दर्जाचा, सल्लागार मंडळाची रचना बदललेली, उद्देशाचा मजकूर अरुंद केलेला. एवढ्या तापलेल्या विषयातही समितीत बदलले ते अधिकार कुणाच्या हातात आणि कोणत्या पातळीवर हेच, म्हणजे शुद्ध प्रशासकीय कायदा. सरकारचाच मंत्री प्रमुख असेल तर खात्याची उलटतपासणी किती कडक होणार, ही शंका मात्र राहते. राज्यातही मंत्र्यांशिवायच्या विभागीय समित्या हव्यात, असे माझे ठाम मत आहे.

दिल्लीतली व्यवस्थाही दुबळी होत आली आहे. संसदेच्या कामकाजाचा अभ्यास करणाऱ्या पीआरएस या संस्थेच्या नोंदींप्रमाणे पंधराव्या लोकसभेत सुमारे ७१ टक्के विधेयके समित्यांकडे गेली, सोळाव्या लोकसभेत साधारण चौथा हिस्सा, आणि सतराव्या लोकसभेत सुमारे १६ टक्के. शिवाय स्थायी समित्यांची मुदत एक वर्षाचीच असते; सदस्याला विषय कळू लागतो तोवर नवी समिती येते. लोकसभा विसर्जित झाली की तिथे प्रलंबित असलेले विधेयक बाद होते. नागरिकांना ठरल्या वेळेत सेवा देण्याचे २०११ चे केंद्रीय विधेयक असेच गेले. स्थायी समितीने २०१२ मध्ये अहवाल दिला, २०१४ मध्ये लोकसभेची मुदत संपली आणि विधेयक संपले. महाराष्ट्राने २०१५ मध्ये आपला लोकसेवा हक्क कायदा केला, म्हणून आज आपण सेवा वेळेत न मिळाल्यास अपिले करू शकतो. या कायद्यावर काम करणाऱ्याने तो २०१२ चा अहवाल जरूर वाचावा. कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याचे काय करायचे, राज्यांच्या अधिकाराचे काय, हा सगळा खल तिथे आहे.

आता अहवाल हातात आल्यावर काय करायचे ते. कोर्टात तो चालतो का? चालतो, मर्यादेत. अंतुले प्रकरणात १९८४ मध्ये घटनापीठाने म्हटले की कायद्याआधीच्या समित्यांचे अहवाल अर्थ लावण्यासाठी पाहता येतात. ९ मे २०१८ च्या कल्पना मेहता निकालात पाच न्यायमूर्तींनी चित्र स्पष्ट केले. गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरच्या एचपीव्ही लशीच्या चाचण्यांबाबत स्थायी समितीच्या २०१३ च्या अहवालाचा आधार घेतला गेला होता आणि कंपन्यांनी त्याला हरकत घेतली होती. न्यायालयाने सांगितले की अहवालाची न्यायिक दखल घेता येते, म्हणजे असा अहवाल आहे हे वेगळ्या पुराव्याशिवाय मानता येते, कलमाचा अर्थ लावायला त्याची मदत घेता येते. पण अहवाल चूक आहे असे आव्हान कोर्टात देता येत नाही, आणि वादातली वस्तुस्थिती अहवालात लिहिली म्हणून सिद्ध झाली असे होत नाही. ती स्वतंत्र पुराव्याने सिद्ध करावी लागते. न्यायिक दखलीची तरतूद आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ५२ मध्ये आहे.

१८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात बसते आहे. जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांना मॅटचा (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाचा) दरवाजा नाही, त्यांना उच्च न्यायालयच गाठावे लागते. आता त्यासाठी महालक्ष्मी एक्स्प्रेसची रात्र काढावी लागत नाही. त्यामुळे इथल्या तरुण वकिलांनी अहवाल वापरायची सवय लावून घ्यावी, ही माझी कळकळ आहे. याचिकेला अख्खा अहवाल जोडू नका. ज्या कलमाचा वाद आहे त्यावर खात्याने समितीला दिलेले उत्तर, त्यावरचा समितीचा अभिप्राय आणि मुखपृष्ठ, एवढी पाने लावा. तेव्हा एक सांगून आता दुसरेच सांगणाऱ्या खात्याला त्याचे स्वतःचे उत्तर दाखवण्याइतका परिणामकारक मुद्दा दुसरा नसतो.

अहवाल संसदेच्या संकेतस्थळावर इंग्रजीत आणि हिंदीत मिळतात. शिफारशींच्या मागोमाग येणारा, सरकारने त्यांवर काय केले हे सांगणारा कृती अहवाल उघडा आणि त्याचे चौथे प्रकरण आधी वाचा. सरकारची जी उत्तरे समितीने मान्य केली नाहीत, ती तिथे असतात. कायद्यातली उघडी राहिलेली फट बहुधा त्या पानांवर सापडते.

आणि विधेयक समितीकडे गेल्याची जाहिरात आली, तर नुसते वाचून सोडू नका. बहुधा १५ दिवस मिळतात. निवेदन दोन पानांचे पुरे: कलमाचा क्रमांक, त्यामुळे प्रत्यक्षात येणारी अडचण, आणि तुम्ही सुचवत असलेला नेमका बदललेला मजकूर. सोबत तुमच्या कामातला एखादा खरा आदेश जोडा, माणसाचे नाव काळ्या शाईने झाकून. निवेदन दिल्यावर ते समितीचा कागद होतो, म्हणून अहवाल सभागृहात मांडला जाईपर्यंत ते छापू नका, समाजमाध्यमांवरही टाकू नका. दिल्लीतल्या संघटना तत्त्वे मांडतात. पंचायत समितीच्या टेबलावर ते कलम कसे अडकते हे तुमच्याशिवाय त्यांना कुणी सांगणार नाही.